बारावी खुर्ची

नोकरीत मी माणसांच्या तोंडाकडे फारसं पाहिलंच नाही. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात मिशनचा छोटा दवाखाना होता, तिथे मी ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारी, मलमपट्टी करणारी बाई. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस दवाखाना माझ्या आणि एका कपाटाच्या भरवशावर चालायचा. आणि शेतीच्या मुलखात जखम म्हणजे बहुतेक पायाची. त्यामुळे आजही बाजारात कुणी "सिस्टर, ओळखलं का?" म्हणालं की माझी नजर आधी खाली जाते. चारचौघांत चप्पल काढा म्हणता येत नाही, नाहीतर नावगावासकट सांगितलं असतं.

ह्या अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे "सेवाकार्यातले प्रेरणादायी प्रसंग" मागितले. प्रेरणेचं मला काही कळत नाही बाई. मला पाय कळतात. तेव्हा पायांचंच लिहिते.

पायांचे प्रकार फार नाहीत. पावसाळ्यात चिखल्या, म्हणजे बोटांच्या बेचक्या पाण्याने सडतात ते. उन्हाळ्यात भेगा. बारा महिने बाभळीचा काटा. कुरूप, नखुरडं, आणि हल्ली शुगरची जखम. प्रकार थोडे, पण लोकांनी घरी केलेले उपाय मात्र अनंत. पिंपळगाव राजाचा एक गृहस्थ जखमेवर शेवग्याचा पाला, चुना, हळद आणि वरून सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन लावून आला होता. म्हणाला, "टूबले चालते तं पायाले काऊन नाई चालणार?" ते सोल्युशन खरवडायला मला अख्खी सकाळ लागली, आणि तो मात्र रबर किती पक्कं बसलं याचंच कौतुक करत होता. उंद्रीचा एक जण काढलेला काटा आगपेटीत घालून घरी न्यायचा. का, तर बायकोला दाखवायला. तिला वाटायचं हा कामाला टाळाटाळ करतो. सगळ्यांत स्वच्छ पाय पाहिले ते रोहिणखेडच्या करीमचाचांचे. सुतारकाम करायचे, पटाशी पायावर पडली म्हणून आले. नमाजाआधी दिवसातून पाच वेळा वजू करून हातपाय धुणारा माणूस, त्यांच्या पायाला मला आणखी काय धुवायचं होतं? नुसतं औषध लावून पाठवलं.

माझा नियम एकच होता आणि तो मी प्रत्येकाला ऐकवायचे. धुता सगळेच, पण बोटांच्या मधात कोरडं करत नाही कुणी. तिथेच सगळं सडतं. लोक मला पाठीमागे "बोटांमधातवाली बाई" म्हणत. म्हणू देत. खरं तेच आहे.

आता दवाखान्यातला असा एक दिवस सांगते जो दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात नसेल. तो म्हणजे ईस्टरच्या आधीचा बुधवार. कारण दुसऱ्या दिवशी पाय धुण्याचा गुरुवार असायचा.

हा सण बाहेरच्यांना फारसा माहीत नाही. गुड फ्रायडे माहीत असतो, शाळेला सुट्टी असते म्हणून. त्याच्या आदल्या संध्याकाळची ही गोष्ट आहे. ज्यू लोकांचा वल्हांडणाचा सण जवळ आला होता. येशू आपल्या बारा शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. हे आपलं शेवटचं जेवण आहे हे त्याला माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. त्याच जेवणात त्याने भाकर आणि प्याला दिला, तो विधी आम्ही अजून पाळतो. पण बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात आणखी एक गोष्ट आहे. येशू मधेच उठला, अंगावरचं वरचं वस्त्र काढलं, कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी घेतलं आणि एकेकाचे पाय धुवायला लागला. त्या मुलखात धुळीचे रस्ते आणि पायात वहाणा, म्हणजे आपल्यासारखंच. आणि पाहुण्यांचे पाय धुणं हे घरातल्या सगळ्यांत खालच्या नोकराचं काम. गुरूने ते करावं हे पेत्राला सोसेना. तो म्हणाला, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत. येशू म्हणाला, मग तुझा माझा संबंध राहणार नाही. तेव्हा पेत्र म्हणतो, असं असेल तर नुसते पाय काय, हात आणि डोकंही धू! पेत्राचं सगळंच असं, एकदम टोकाचं. मग येशूने त्यांना सांगितलं की मी जसं केलं तसं तुम्ही एकमेकांचं करा, एकमेकांवर प्रेम करा, ही नवी आज्ञा आहे. इंग्रजीत ह्या गुरुवारचं जे नाव आहे ते म्हणे ह्या "आज्ञे"च्याच लॅटिन शब्दावरून पडलं. हे आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलेलं. पाळक म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू. नगरकडचे, तरुण, बोलणं अगदी पुस्तकातलं.

आमच्या चर्चमध्ये हा विधी बंद पडला होता, तो ह्या पाळकसाहेबांनीच पुन्हा सुरू केला. बारा पुरुष समोर ओळीने बसायचे, पाळक गुडघ्यावर बसून त्यांचे पाय धुवायचे. पहिल्या वर्षी एक जण वावरातून थेट आला. घंगाळातलं पाणी असं काळं झालं की पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर त्याचे शिंतोडे ईस्टरपर्यंत निघाले नाहीत. पाळकसाहेब खूश होते, म्हणाले असंच अपेक्षित आहे. पण झगा धुणाऱ्या त्यांच्या बायकोला ते अपेक्षित नव्हतं. तिने कमिटीला सांगितलं आणि कमिटीने ठराव केला, की बारा जणांनी आदल्या दिवशी सिस्टरकडून पाय पास करून घ्यावेत.

झालं. बुधवारी माझ्या दवाखान्यात बारा जोड पाय हजर. नखं काप, भेगा घास, कुरूप सोल. वर एकेकाचा तोरा. पाय धुऊन घ्यायचे म्हणून नवे मोजे घेणारे निघाले. एकाने टाचेला बायकोची क्रीम लावली आणि गुरुवारी चर्चच्या फरशीवर घसरला. म्हणजे धुवायच्या आधीच पाय तीन-तीनदा धुतलेले. पाळकसाहेब एकदा वैतागून मला म्हणाले, "रूथबाई, तुम्ही सगळं धुऊनच पाठवता. मग मी काय धुवायचं?" मी म्हटलं, साहेब, तुम्ही बोटांच्या मधात कोरडं करा म्हणजे झालं. ते हसले, पण नीट पुसत कधीच नसत.

इथपर्यंत ठीक होतं. घोळ झाला तो बाराव्या खुर्चीचा.

आमच्याकडे रविवारच्या शाळेत पोरांकडून शिष्यांची नावं पाठ करून घेतात. शुभवर्तमानातल्या यादीत पेत्र पहिला आणि यहूदा इस्कर्योत शेवटचा. यहूदा म्हणजे ज्याने येशूला धरून दिलं तो. त्यामुळे बारा खुर्च्या ओळीने मांडल्या की आमच्यातलं शेंबडं पोरही सांगू शकतं, पहिली पेत्राची, बारावी यहूदाची. सुरुवातीला हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. मग एका वर्षी बाराव्या खुर्चीवर मनोहरभाऊ बसले.

मनोहरभाऊ आमच्या समोरच्या घरात राहायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटीचे मास्तर. आवाज असा की चर्चमध्ये गाणं सुरू झालं की पेटीवाला त्यांच्या मागे जायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. त्यांचं म्हणून जे काही होतं ते चर्च आणि शाळेचं मैदान.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी चर्चच्या पटांगणात कबड्डी असते. त्या वर्षी समोर रोहिणखेडची पोरं होती आणि पंच अर्थात मनोहरभाऊ. शेवटची चढाई आमच्या शलमोनची. शलमोन तेव्हा चवळीच्या शेंगेसारखा होता, आता कमिटीवर आहे आणि खुर्चीत मावत नाही. त्याने दोघांना शिवलं, कडेच्या रेषेलगत पळत परत आला आणि इकडे आमची माणसं नाचायला लागली. तेवढ्यात शिट्टी. मनोहरभाऊ म्हणाले, पाय रेषेच्या बाहेर पडला, बाद. हा गोंधळ! पोरं अंगावर धावून गेली. मनोहरभाऊंनी शलमोनलाच विचारलं, की तूच सांग, पाय लागला का. तो नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. तरीही त्यांनी निकाल फिरवला नाही. आम्ही हरलो. मी तेव्हा एका पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधत बसले होते, मला रेष दिसली नाही. पण शलमोन ओरडला ते मी ऐकलं, "गुरुवारी बाराव्या खुर्चीवर बसला होता ना, दाखवलाच गुण!"

सगळे हसले. गावात एकदा हसलं की ते नाव चिकटतं. पोरं मनोहरभाऊंना पाहून यहूदा म्हणायला लागली, मग मोठी माणसं, मग चहाच्या टपरीवरची, ज्यांना यहूदा कोण हेही माहीत नव्हतं तीही. मनोहरभाऊ पुढच्या रविवारी चर्चला आले, गाण्याला उभे राहिले आणि गायले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले नाहीत. मग कधीच आले नाहीत. मला त्याचा फार राग यायचा, त्यांचाही आणि आमच्या लोकांचाही. एका रेषेपायी असा माणूस घालवायचा म्हणजे काय!

इकडे बाराव्या खुर्चीवर बसायला कुणी तयार होईना. दर वर्षी नवी शक्कल. खुर्च्या गोल मांडल्या, तर पाळक कुठून सुरू करतात आणि कोणत्या बाजूने जातात यावर लोक बोटं मोजत बसले. अकराच खुर्च्या ठेवा, यहूदा उठून गेला असं समजू, असं कुणीतरी सुचवलं. पाळकसाहेब चिडले. म्हणाले, वाचता का कधी? पाय धुतले तेव्हा तो तिथेच होता, उठून गेला तो नंतर, त्याचेही पाय धुतले होते. दर वर्षी हेच सांगत आणि दर वर्षी लोक माना डोलावून पुन्हा खुर्च्या मोजत. एकदा खुर्च्याच नकोत म्हणून लांब बाक ठेवला. तर शेवटचा माणूस जरा आत सरकला, त्याने पुढच्याला ढकललं, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि बाकाच्या त्या टोकाचा पेत्र धप्पकन खाली पडला. एका वर्षी जालन्याहून आलेल्या पाहुण्याला सन्मानाने बाराव्या खुर्चीवर बसवलं. तो बिचारा फोटो काढून घरी पाठवत होता आणि मागच्या रांगेत बायका पदर तोंडात धरून बसल्या होत्या. पहिली खुर्ची मात्र कधी रिकामी राहायची नाही. तिच्यावर शलमोन बसायचा.

मनोहरभाऊंना पुढे शुगर निघाली. उजव्या पायाला जखम झाली, चिघळली, एक बोट काढावं लागलं. बुलढाण्याहून ऑपरेशन करून आले आणि पट्टी करायला रोज माझ्याकडे यायला लागले. पण यायचे ते दवाखान्याच्या मागच्या दाराने, भिंतीच्या कडेकडेने. पुढच्या बाजूला ओट्यावर चर्चची माणसं बसलेली असत ना. मी म्हणायचे, भाऊ, पुढून या, तिकडे पायऱ्या कमी आहेत. ते म्हणायचे, "मले इकूनच बरं पडते." जखम भरता भरता भरत नव्हती. डॉक्टर गोळ्या वाढवायचे. माणूस घरात एकटा बसून कुढत असला तर गोळी तरी काय करणार, असं माझं मत. डॉक्टरांना सांगितलं नाही, त्यांनी ते कागदावर कुठे लिहिलं असतं?

आणि दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या त्या बुधवारी, पट्टी बांधून झाली की मनोहरभाऊ खिडकीकडे पाहत विचारायचे, "यंदा बाराव्यावर कोन हाय?" विचारायचे असं की जणू बाजारात कांद्याचा भाव विचारताहेत. त्यांना यायचं होतं. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं की मला कळतंय. पण बोलावणार कोण?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षीचा तो बुधवार. मनोहरभाऊ मागून आले, स्टुलावर पाय ठेवला. मी पट्टी सोडून जखम धुवायला घेतली. पाय पास करायची वेळ संध्याकाळची होती, म्हणून मी निवांत. तर पुढच्या दाराने शलमोन आत! संध्याकाळी त्याला कमिटीची मीटिंग होती, म्हणून लवकर उरकायला आला होता. चप्पल बाहेर काढूनच आलेला, टाच वर करून दाखवतोय, "सिस्टर, हे कुरूप पाहा बरं जरा." मग त्याचं लक्ष स्टुलाकडे गेलं.

मी मनोहरभाऊंचा पाय हातात घट्ट धरून ठेवला. पाय ड्रेसरच्या हातात असला की माणसाला उठून जाता येत नाही, हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा. शलमोनला म्हटलं, बसा त्या बाकड्यावर, आलेच.

तो बसला. बोट नसलेल्या त्या पायाकडे तो पाहत राहिला. त्याला हे माहीतच नव्हतं. मनोहरभाऊ अकडीपायी चर्चला येत नाहीत, असंच तो सगळ्यांना सांगायचा. मग त्याने विचारलं, हे कधी झालं. मनोहरभाऊ म्हणाले, तुले काय करायचं हाय. मग ते माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "रूथबाई, ह्याले नीट घासजा. पयल्या खुर्चीचा मानूस हाय. तीन डाव इचारलं होतं मी, तीन डाव नाई म्हने. खुर्ची बराबर भेटली त्याले."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. येशूला धरून नेलं त्या रात्री पेत्राला लोकांनी तीनदा विचारलं, तू त्याच्या माणसांतलाच ना? आणि तीनदा पेत्र म्हणाला, मी त्या माणसाला ओळखतच नाही. म्हणजे आमच्या पहिल्या खुर्चीचा इतिहासही काही फार उजळ नाही. इतक्या वर्षांत बाराव्या खुर्चीचं मोजताना हे कुणालाच आठवलं नव्हतं. मला इतकं हसू फुटलं की हातातला चिमटा खाली पडला, तो पुन्हा उकळायला टाकावा लागला.

शलमोन हसला नाही. खाली मान घालून आपल्या टाचेकडे पाहत बसला. मग म्हणाला, "लागला होता पाय. टाचेले चुना लागला होता रेषीचा. कोनी पाह्यच्या आत हापशीवर जाऊन धुतला मी."

मनोहरभाऊ म्हणाले, "मले मालूम होतं."

"मंग तवाच काऊन नाई बोलले?"

"बोललो ना बे. शिट्टी वाजवली."

मी मनोहरभाऊंची पट्टी बांधली, मग शलमोनचं कुरूप सोललं. जरा जोरात सोललं असेन.

गुरुवारी संध्याकाळी चर्च भरलं. मी बायकांच्या बाजूला, घंगाळाजवळ. बारा खुर्च्या ओळीने. लोकांच्या माना सवयीप्रमाणे शेवटच्या खुर्चीकडे वळल्या आणि तिथेच राहिल्या. बाराव्या खुर्चीवर शलमोन बसला होता, सगळा देह कसाबसा खुर्चीत कोंबून, दोन्ही पाय पुढे करून. मधल्या दहाही भरलेल्या. रिकामी होती ती पहिली. पाळकसाहेबांना काही कळेना. ते एकदा ह्या टोकाकडे पाहत, एकदा त्या टोकाकडे. गाणं सुरू झालं, संपलं. माझं सगळं लक्ष दाराकडे. मनोहरभाऊ आले नाहीत तर? कालच्या बोलण्याने जखम भरली का आणखी उघडली, ते मला तरी कुठे ठाऊक होतं!

दुसऱ्या गाण्याचं धृपद सुरू झालं आणि मागून तो आवाज आला. पेटीवाला पट्टी चुकला. मनोहरभाऊ काठी टेकत मधल्या वाटेने गात गात येत होते, इस्त्रीचा शर्ट, एका पायात चप्पल, दुसऱ्याला माझी पट्टी. ते सरळ बाराव्या खुर्चीकडे गेले. तिथे शलमोन. त्यांनी काठीने त्याला ऊठ म्हणून खुणावलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि पहिल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. सगळं चर्च पाहतंय, पाळक घंगाळ धरून उभे. शेवटी मनोहरभाऊ पुटपुटत पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले.

पाळकसाहेब त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. विधीच्या भरात त्यांनी नेमका उजवा पाय हातात घेतला आणि तांब्या उचलला. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी लावू नका त्याला!" भर विधीत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाळकांचा हात हवेत. आणि मनोहरभाऊंनी पाय मागे ओढला, ओशाळून म्हणाले, "राहू द्या साहेब. माह्ये पाय नका धुऊ."

आधी एक बाई हसली. मग दुसरी. पहिल्या खुर्चीवर बसून पेत्राचंच बोलणं बोलला हो हा माणूस, आणि त्याला पत्ताच नाही! बघता बघता सगळं चर्च हसायला लागलं, बाराव्या खुर्चीवर शलमोन तर हलत होता. मनोहरभाऊंना उशिरा उमगलं. मग तेही हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी बाहीने पुसलं, आणि डावा पाय पुढे केला.

पाळकसाहेबांनी तो धुतला. मग एकेक करत शेवटी शलमोनचेही. येशूने यहूदाचेही पाय धुतले होते, हे सांगायचं त्या दिवशी त्यांच्याकडून राहून गेलं. कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. दवाखाना बंद, पण शुगरच्या जखमेला सुट्टी नसते, म्हणून मी पट्टीपुरती येऊन बसले होते. मागच्या दाराची कडी काढून ठेवली होती. मनोहरभाऊ पुढून आले. ओट्यावर बसलेल्यांशी दोन शब्द बोलत, काठी आपटत, सावकाश. स्टुलावर बसले आणि उजवा पाय सोडून आधी डावाच माझ्यापुढे केला. मी म्हटलं, ह्याला काय झालं?

"पाहा तुमीच," ते म्हणाले. "तुमच्या पाळकानं बोटांच्या मधात कोरडं नाई केलं. पुढच्या साली नीट पुसत जाय म्हना त्याले."